ओम्नी ठेवायची की काढायची, ते आधी खालून बघा

विचारणारे कोपरखैरण्याचे इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहेत. वडिलांनी २०११ साली घेतलेली ओम्नी, पाच सीटर, पांढरी (खासगी) प्लेट, अजून रोज कामाला जाते. साइट कधी महापे-रबाळे, कधी घोडबंदर रोडचे टॉवर. तक्रारी चार: चढाला ओढत नाही, सामान भरलं की मागून बसते, सरकतं दार अडकतं आणि पावसात पायाखाली पाणी येतं. एका गॅरेजने इंजिनकाम काढलंय, दुसऱ्याने विकून टाका म्हटलंय. यांना ती अजून पाच वर्षं वापरायची आहे आणि जमलं तर सीएनजी, रॅक, इन्व्हर्टरही करून घ्यायचंय.

चारातली सगळ्यात मोठी तक्रार तुम्ही शेवटी लिहिलीत. पायाखालचं पाणी.

वागळे इस्टेटमध्ये २६ वर्षं गॅरेज चालवतोय. इंजिन गेलं म्हणून ओम्नी भंगारात काढली, असं माझ्याकडे क्वचित झालंय. पत्रा गेला म्हणून मात्र कितीतरी गेल्या. ओम्नीचं इंजिन म्हणजे मारुती ८०० चंच ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं. व्हॅन १९८४ ला आली आणि २०१९ ला बंद झाली. एवढी वर्षं तेच इंजिन असल्यामुळे रिंग-पिस्टनपासून वॉटर पंपापर्यंत सगळं आजही मिळतं, आणि ते उघडून बसवणारा मिस्त्री प्रत्येक नाक्यावर आहे. पण या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. तळाचा पत्रा, दाराखालची पेटी, तळाला वेल्ड केलेले पोकळ बीम, हाच तिचा सांगाडा. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) ज्या ब्रॅकेटला लटकतात ती ब्रॅकेट याच पत्र्याला जोडलेली आहे. तिथे गंजाने चाळण झाली असेल तर वर नवं इंजिन बसवून काय करणार?

म्हणून दोन्ही गॅरेजवाल्यांना थोडं थांबवा. एका रविवारी सकाळी गाडी रिकामी करा आणि आतली सगळी रबर मॅट, त्याखालचा फेल्ट, जे काही असेल ते बाहेर काढा. फेल्ट हातात घेऊन पिळा. पाऊस थांबून आठवडा झाला असला तरी पाणी निघेल. चिखलाच्या रंगाचं ते पाणी तळाच्या पत्र्यावर वर्षभर बसून असतं, आणि मॅट झाकायला असते म्हणून कुणाला दिसत नाही.

मग एक जुना स्क्रू-ड्रायव्हर घ्या. मागच्या मुठीने ठोकत जा, ड्रायव्हरच्या पायाखालून सुरुवात करून सरकत्या दाराच्या खालच्या पट्टीपर्यंत, तिथून मागच्या चाकाच्या कमानीपर्यंत. चांगला पत्रा 'ठण' करतो. खाल्लेला पत्रा 'थप' करतो, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. जिथे थप ऐकू येईल तिथे टोक लावून दाबा. आरपार गेलं तर घाबरू नका, ते भोक आधीच होतं, तुम्हाला आज दिसलं इतकंच. नंतर गाडी घोड्यांवर, म्हणजे ॲक्सल स्टँडवर, घेऊन खालून तेच करा. नुसत्या जॅकवर ठेवून कुणीही खाली जायचं नाही. जॅक लावतानाच ती जागा आत दबली, तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

माझा हिशोब असा आहे. तळाच्या पत्र्याला तीन-चार ठिकाणी भोकं, एखादी दाराखालची पेटी खाल्लेली, पण पाट्यांच्या ब्रॅकेट, पुढच्या सस्पेन्शनच्या जागा आणि स्टिअरिंगच्या आसपासचा पत्रा शाबूत असेल, तर गाडी ठेवा. ब्रॅकेटच्या मुळाशीच पापुद्रे सुटत असतील, तर विकून टाका म्हणणारा बरोबर आहे. त्या जागी पॅच मारून देणारे भेटतील. मी मारत नाही. घाटात ब्रेक लावल्यावर मागचा ॲक्सल तिरका झाला तर काय होतं, ते मला बघायचं नाही.

आपल्याकडे हा गंज इतका का येतो, तर खाडी. ऐरोली, कोपरखैरणे, कळवा हा सगळा पट्टा खाडीच्या खाऱ्या हवेत आहे. गाडी रात्री उघड्यावर उभी असते, वर चार महिने पाऊस, आणि ठाणे-बेलापूर रोडचा चिखल चाकाच्या कमानीत जाऊन बसतो तो दिवाळीपर्यंत ओलाच. याच वयाची नाशिकची ओम्नी एकदा माझ्याकडे आली होती, इंजिन पार थकलेलं, पण खालून कंपनीचा रंग दिसत होता.

पत्र्याचं काम कसं करून घ्यायचं ते नीट सांगतो, कारण फसवणूक इथेच होते. खाल्लेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा. नवा तुकडा १८ किंवा २० गेजचा, कडेने सीओटू वेल्डिंग. भोकावर फायबर, पुट्टी, पत्र्याचा तुकडा रिव्हेट मारून, हे सगळं एका पावसाचं काम. वेल्डिंगनंतर घासून झिंकचा प्रायमर, सांध्यांना सीलर, तो पूर्ण वाळला की खालून रबरी अंडरकोटिंग. हा क्रम उलटा झाला की सत्यानाश. दोन वर्षांपूर्वी एक गाडी आली, मालक खुशीत सांगत होता की गेल्याच वर्षी एका ठिकाणी अंडरकोटिंग करून घेतलंय, खालून काळीकुळकुळीत. मी कोटिंगला नख लावलं आणि वीतभर पापुद्रा हातात आला, आतून चॉकलेटी, ओला. गंजावरच फवारलं होतं. ओल आत कोंडली आणि पत्रा उघडा राहिला असता त्याहून लवकर गेला. तळाला आणि दारांच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात, ती कोटिंगने बुजली नाहीत ना, तेही तारेने टोचून बघा. हे काम डिसेंबर ते मार्चमध्येच करा. जूनमध्ये कुणी करतो म्हणाला तरी नको म्हणा.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि तुमची गाडी एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची) आहे म्हणून ईसीएमचा, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरचा, प्लगही. पेट्रोलची टाकी आणि लाइन कुठून जाते ते वेल्डरला दाखवायचं, जवळ काम असेल तर टाकी उतरवायचीच. हे मी पुस्तकातून सांगत नाही. गॅरेजच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत एका व्हॅनच्या तळाला खालून टाका मारत होतो आणि वर फेल्टचा एक तुकडा राहून गेला होता. धूर आधी मला दिसलाच नाही, शेजारचा चहावाला ओरडला. चहाच्या किटलीनेच विझवलं, हसू नका. तेव्हापासून वेल्डिंग चालू असताना एक माणूस गाडीच्या आत पाण्याची बादली आणि फायर एक्स्टिंग्विशर घेऊन उभा असतो, दुसरं काही काम करत नाही.

पत्रा पास झाला तर आता इंजिन. 'ओढत नाही' म्हटलं की इंजिनकाम काढायचं ही आमच्या धंद्याची जुनी खोड आहे. इंजिन उघडायच्या आधी कंप्रेशन टेस्ट मागा, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणं, अर्ध्या तासाचं काम. तिन्ही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून घ्या. एकमेकांत एक किलोपेक्षा (दर चौरस सेंटीमीटरला) जास्त फरक असेल तर कमी असलेल्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजायला सांगा. आकडा वर आला तर रिंगा झिजल्यात, नाही आला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. तिन्ही सारखे आणि चांगले असतील तर इंजिनाला हात लावू नका, दोष दुसरीकडे आहे. क्लच सरकत असेल. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर दाबा, इंजिनचा आवाज चढला आणि गाडी तशीच, तर क्लच प्लेट. एखादं मागचं ब्रेक ड्रम जाम असेल. दहा किलोमीटर चालवून चारही चाकांजवळ तळहाताची मागची बाजू न्या, एक चाक भट्टीसारखं लागलं तर ते सापडलं. नाहीतर पेट्रोल फिल्टर. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा मळ ते सोडवतं आणि फिल्टरमध्ये आणून घालतं. जुन्या रबरी पाइपांनाही ते मानवत नाही, फुगतात आणि तडकतात. तुमचे पाइप १५ वर्षांचे असतील तर सगळे बदला, इथेनॉलला चालणारे मागून घ्या. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडणारच, त्यासाठी इंजिनाला दोष देऊ नका.

एक गोष्ट कुणी विचारत नाही पण मी प्रत्येक ओम्नीत बघतो. इंजिन तुमच्या सीटखाली आहे. सीटखालच्या झाकणाला रबराची गोट असते, ती कडक होऊन तुटलेली असते, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळीचं) गॅस्केट फुंकत असेल तर तो धूर सरळ केबिनमध्ये. घोडबंदरला काचा बंद करून तासभर रांगेत उभं राहिल्यावर डोकं जड होतं ते ट्रॅफिकमुळेच असेल असं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गोट नवी बसवा, मॅनिफोल्ड बघून घ्या, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला ॲल्युमिनियमच्या तोंडाची उष्णतारोधक शीट लावा. पाठ आणि मांड्या भाजायच्या थांबतील, आवाजही कमी होईल. सगळ्या अपग्रेडमध्ये हे सगळ्यात स्वस्त आणि रोज जाणवणारं.

कूलिंगचं एवढंच की थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलेला असेल तर परत बसवा. गरम होते म्हणून तो काढायची पद्धत आहे, मग इंजिन कधी नीट तापतच नाही आणि पेट्रोल पितं. रेडिएटर साफ, पंखा वेळेवर सुरू होतोय, नळाच्या पाण्याऐवजी कूलंट. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते आठवत नसेल तर तो आजच बदला.

मागून बसते त्याबद्दल. तुम्हाला पाट्यांत एक पाटा वाढवून देतो म्हणणारे पाच जण भेटतील. नका करू. पाटा वाढला की भरलेली गाडी उभी दिसते, पण ब्रेक, टायर, व्हील बेअरिंग आणि ती ब्रॅकेट यांची ताकद होती तेवढीच राहते. वर गाडी रिकामी असताना मागून उडते, आणि पावसात उड्डाणपुलाच्या वळणावर मागचं चाक घसरतं. जुने पाटे उतरवून कमान परत मारून घ्या, तुटलेला असेल तो बदला, बुश आणि शॅकल नवे, शॉक ॲब्सॉर्बर जोडीने नवे. यू-बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे, हे विसरलं जातं. टायर घेताना बाजूवर १४५ आर १२ च्या पुढे 'एलटी' आहे ना बघा. ते माल वाहणाऱ्या गाडीचं टायर, कडेला जास्त दणकट. आकार जुळतो म्हणून ८०० चं कारचं टायर बसवलेल्या ओम्नी मी पाहिल्यात.

ब्रेकला पैसे वाचवू नका. पुढे नाक नाही, तुमचे गुडघे आणि समोरच्या टेम्पोचा बंपर यांच्यात पत्र्याचा एक थर. मागचे व्हील सिलिंडर, सगळे रबरी होज, मास्टर सिलिंडरची गळती, आणि ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवं. तुम्ही गायमुखच्या घाटात भरल्या गाडीने उतरता, मग हे दर दोन वर्षांनी. पावसाळ्यानंतर मागचे ड्रम उघडून साफ करायचे.

सरकत्या दाराचा खर्च ऐकून तुम्हाला हसू येईल. रोलर झिजतात, दार खाली बसतं, मग खालच्या पट्टीत घासतं. रोलर बदला, रेल रॉकेलने धुवा, आणि ग्रीस अगदी थोडं. जास्त ग्रीस म्हणजे धूळ चिकटून महिन्यात परत तेच. पण दार काढाल तेव्हा खालच्या रेलमधला चिखल खरवडून बघाच. तुमचं पायाखालचं पाणी तिथून, नाहीतर पुढच्या काचेच्या रबरामधून येत असणार. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी मारायचं, खालून वर जात. वरून सुरुवात केली तर सगळीकडेच गळतंय असं वाटतं.

आता तुमची हौस. तुम्ही स्वतः वायरमन, त्यामुळे इन्व्हर्टरचं जास्त सांगायला नको, पण घरचं वायरिंग आणि गाडीचं यांत फरक आहे. ३०० वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टला २५ अँपिअर आणि वर नुकसान धरून तीसच्या आसपास खेचतो. लायटरच्या सॉकेटमधून नाही. बॅटरीपासून थेट जाड केबल, फ्यूज बॅटरीजवळच, केबल पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रॉमेट. ड्रिलच्या बॅटऱ्या गाडी चालू असतानाच चार्ज करा. दुसरी बॅटरी नको, ओम्नीचा अल्टरनेटर लहान आहे. त्यापेक्षा हेडलाइटला रिले लावा. जुन्या वायरिंगमध्ये बॅटरीला साडेबारा व्होल्ट आणि बल्बच्या पिनवर अकराच्या खाली, हे मीटर लावून तुम्हीच बघा. रिले आणि नवी अर्थिंग दिली की तोच ६०/५५ वॉटचा बल्ब दुप्पट वाटतो. शंभर वॉटचे बल्ब टाकू नका, होल्डर वितळतात आणि कायद्यातही बसत नाहीत.

रॅक हलके करा, स्लॉटेड अँगलचे, जड सामान खाली आणि मागच्या ॲक्सलच्या पुढे. वायरचे बंडल आणि चेसिंग मशीन (भिंतीत खाच पाडणारं) वरच्या कप्प्यात ठेवलेली गाडी वळणावर झुलते. बोल्ट मारायला तळाला ड्रिल कराल तर आधी खाली डोकावून टाकी आणि ब्रेकची लाइन बघा, आणि भोकाच्या कडेला प्रायमर लावा, नाहीतर गंजाला नवा दरवाजा. ड्रायव्हरच्या मागे जाळीचं पार्टिशन हवंच. अर्जंट ब्रेक लागला की कंड्युट पाइप पुढे येतात आणि ते मानेच्या उंचीवर असतात. मागची सीट मात्र कायमची काढू नका. आरसीवर पाच सीट आहेत, असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. सीट दुमडून त्यावर बसणारे क्रेट करा. रंग देताय तर पांढराच द्या, बदललात तर त्याचीही नोंद आरसीवर लागते.

सीएनजीला माझा नकार आहे. तुमचा फेरा दिवसाला ४० किलोमीटर धरला तर महिन्याला पेट्रोल ७०-७५ लिटर. ७९६ सीसीचं थकलेलं इंजिन, त्यात गॅसवर ताकद आणखी कमी, वर पन्नास-साठ किलोची टाकी कायमची मागे. म्हणजे ज्या दोन तक्रारी घेऊन आलात त्याच वाढवायच्या. शिवाय आरसीवर नोंद, टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी). रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर फिरणारा असता तर उत्तर वेगळं होतं.

कागदांचं आता, कारण तुमच्याकडे वेळ थोडा आहे. २०११ ची गाडी म्हणजे १५ वर्षं २०२६ मध्ये भरतात. आरसीवर वैधतेची तारीख छापलेली आहे, ती आज बघा. नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म २५, मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत करता येतो, गाडी आरटीओत तपासली जाते, पर्यावरण कर भरावा लागतो, मग पुढची पाच वर्षं मिळतात. एमएच ४३ असेल तर नवी मुंबई आरटीओ. पत्रा, ब्रेक, लाइट यांची कामं त्याआधी उरकली म्हणजे एकाच खर्चात दोन्ही होतं. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट (एचएसआरपी) हवी, पीयूसी आणि विमा चालू हवा. वडिलांनी कर्जावर घेतली असेल आणि हप्ते फिटले असले तरी आरसीवरचा बँकेचा बोजा उतरलाय का बघा. तो राहिला असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५. आणि एक महत्त्वाचं: चेसिस नंबर. तपासणीत त्याची पेन्सिलने छाप घेतात. पत्र्याचं काम करणाऱ्या पोराने ग्राइंडर फिरवून किंवा कोटिंगखाली गाडून तो नंबर घालवला, तर तुम्ही कितीही खरे असलात तरी उत्तरं देत बसाल. कामाआधी नंबरावर ग्रीस लावून टेप मारा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

विम्याची पॉलिसीही एकदा वाचा. खासगी कारच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादेत नमुने आणि वैयक्तिक सामान सोडून मालवाहतूक वगळलेली असते. तुमची हत्यारं तुमच्या गाडीत, इथवर लोक चालवून घेतात, पण दुसऱ्याचा माल भाड्याने नेलात तर पांढरी प्लेटही चुकीची आणि क्लेमही अडकणार. एजंटला तोंडी विचारू नका, लेखी विचारा.

पैशाचा क्रम माझ्या दृष्टीने असा: पत्रा, ब्रेक, टायर आणि पाटे, केबिनचं झाकण, मग कंप्रेशन सांगेल तसं इंजिन, रॅक आणि इन्व्हर्टर सगळ्यात शेवटी. पत्रा पास, इंजिन ठीक असेल तर सगळं मिळून साठ-सत्तर हजारांत व्हावं. इंजिनकामही निघालं आणि अंदाज लाखाच्या वर जायला लागला, तर मी स्वतः हात आखडता घेईन आणि वापरलेली, कमी गंजलेली मारुती ईको व्हॅन शोधेन. ठाणे-नवी मुंबईतली नको, घाटावरची बघा.

गॅरेजला दाखवायला न्याल तेव्हा रिकामी न्या, मॅट घरी ठेवून. आणि चांगलं दिसावं म्हणून आदल्या दिवशी खालून धुऊन नेऊ नका. ऑइल कुठून गळतंय आणि पाणी कुठे थांबतंय, ते त्या मळावरच उमटलेलं असतं.